डॉक्टरांच्या वहीला सरकारी अनुदान

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे अथवा मुलीकडे चार-सहा महिने राहून परतलेले आईवडील तेथील दवाखान्याविषयी एक गोष्ट हमखास सांगतात. सकाळी रक्त तपासायला दिले आणि सायंकाळच्या चौविहारापूर्वी अहवाल मुलाच्या मोबाइलवर हजर. औषधांची यादी, पुढील भेटीची तारीख, डॉक्टरांनी लिहिलेले टिपण, सारे एका ठिकाणी. ही सोय तेथे पूर्वापार चालत आली असावी, असा ऐकणाऱ्याचा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. 2008 साली अमेरिकेतील सर्वसाधारण रुग्णालयांपैकी जेमतेम 9 टक्के रुग्णालयांत प्राथमिक स्वरूपाची संगणकीय नोंदपद्धती होती. बाकी सर्वत्र आपल्याकडच्यासारख्याच जाड फायली, न वाचता येणारे अक्षर आणि ऐनवेळी न सापडणारा एक्स-रे. पुढे सात-आठ वर्षांत हे चित्र पालटले आणि त्यामागे वैद्यकशास्त्राची प्रगती नव्हती. सरकारी तिजोरीतून दिलेले रोख अनुदान होते. ते कसे दिले गेले, त्यातून काय साधले आणि काय साधले नाही, हा व्यापारी कुटुंबांनी बारकाईने पाहावा असा हिशेब आहे. तसाच एक प्रयोग आता आपल्या देशातही सुरू आहे.

पहिला प्रश्न स्वाभाविकच असा की, श्रीमंत देशातील डॉक्टरांना संगणक घेण्यासाठी सरकारने पैसे का द्यावेत? विमान कंपन्या आणि बँका अनुदानाची वाट न पाहता संगणकाकडे वळल्या होत्या. भारतीय बँकांत डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांनी 1984 आणि 1988 मध्ये दिशा आखून दिली, कर्मचारी संघटनांशी दीर्घ वाटाघाटी झाल्या, आणि बँकांनी स्वतःच्या खर्चाने खतावण्या बदलल्या. कारण खर्च ज्या खात्यात पडत होता, त्याच खात्यात लाभही जमा होत होता. वैद्यकीय व्यवसायात तसे नव्हते. संगणकप्रणालीचा खर्च डॉक्टरांनी करायचा, कर्मचाऱ्यांना शिकवायचे, पहिले काही महिने रुग्णसंख्या घटवायची. लाभ मात्र दुसऱ्याचा. एकच तपासणी दोनदा करणे टळले, तर वाचणारा पैसा विमा कंपनीचा अथवा सरकारचा असतो. ज्या रुग्णालयाची स्वतःची प्रयोगशाळा आहे, त्याचे तर उत्पन्नच घटते. काटा एकाने विकत घ्यायचा आणि माल दुसऱ्याने तोलून न्यायचा, असा हा व्यवहार. कोणता दुकानदार तो आपण होऊन करील?

राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी 2004 मध्ये घोषणा केली होती की, दहा वर्षांत बहुसंख्य अमेरिकी नागरिकांची आरोग्यनोंद संगणकावर असेल. त्यासाठी एक स्वतंत्र समन्वयक कार्यालयही स्थापन झाले. घोषणेपाठोपाठ पुरेसा पैसा आला नाही, म्हणून गतीही आली नाही. मग 2008 ची मंदी आली. अर्थव्यवस्थेत पैसा ओतण्यासाठी बराक ओबामा यांनी 17 फेब्रुवारी 2009 रोजी पुनरुत्थान कायद्यावर स्वाक्षरी केली आणि त्या प्रचंड कायद्याच्या पोटात वैद्यकीय नोंदींविषयीचा एक भाग होता. तो ‘हायटेक’ कायदा या नावाने ओळखला जातो. रस्ते आणि पूल यांच्याबरोबर डॉक्टरांच्या वह्याही मंदीवरच्या उपायांत जाऊन बसल्या. शांत काळात हा खर्च संमत झाला असता की नाही, याची शंकाच आहे.

अनुदानाची रचना पाहण्यासारखी आहे. ‘मेडिकेअर’ ही प्रामुख्याने 65 वर्षांवरील नागरिकांची सरकारी विमायोजना. तिच्यातील रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरला पाच वर्षांत कमाल 44,000 डॉलर मिळत. 2011 किंवा 2012 मध्ये सुरुवात करणाऱ्याला पहिल्या वर्षी 18,000, नंतर 12,000, 8,000, 4,000 आणि शेवटी 2,000. त्या वेळच्या विनिमयदराने ही एकूण रक्कम 20 लाख रुपयांच्या आसपास जाते. उशीर करणाऱ्याचा हप्ता कापला जाई: 2013 मध्ये आरंभ केल्यास 39,000, 2014 मध्ये केल्यास 24,000, आणि त्यानंतर काहीच नाही. गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ योजनेतील रुग्ण ज्यांच्याकडे साधारणतः 30 टक्के असत, अशा डॉक्टरांना सहा वर्षांत 63,750 डॉलरपर्यंत रक्कम मिळे. तेथे पहिल्या वर्षी तर प्रणाली खरेदी केली, बसवली किंवा सुधारली एवढे पुरे होते. रुग्णालयांसाठी हिशेब निराळा होता. पायाभूत रक्कमच 20 लाख डॉलरपासून सुरू होई.

आणि गाजराबरोबर छडीही होती. 2015 पासून जो डॉक्टर संगणकीय नोंद वापरणार नाही, त्याच्या मेडिकेअरच्या देयकातून प्रथम 1 टक्का, पुढील वर्षी 2 टक्के आणि त्यानंतर 3 टक्के कपात होणार, हे कायद्यातच लिहिलेले होते. आधी बक्षीस, ते वर्षागणिक आटत जाणारे, आणि मग दंड. मुदतीपूर्वी रक्कम भरणाऱ्या ग्राहकाला रोख सवलत आणि थकबाकीदाराला व्याज, ही प्रत्येक घाऊक पेढीची रीत अमेरिकी सरकारने डॉक्टरांना लावली. लहान दवाखान्यांना प्रणाली निवडण्यास व बसवण्यास साहाय्य करण्यासाठी देशभर 62 प्रादेशिक केंद्रेही उभारली गेली. हा भाग फारसा गाजला नाही; पण एकट्या डॉक्टरच्या दवाखान्याला पैशापेक्षा त्या हाताची गरज अधिक होती, असे म्हणावे लागेल.

नुसता संगणक घेतला म्हणून पैसे द्यायचे नाहीत, एवढे शहाणपण कायदा करणाऱ्यांजवळ होते. अट होती ‘अर्थपूर्ण वापरा’ची. पहिल्या टप्प्यात 15 अनिवार्य उद्दिष्टे आणि दहापैकी पाच ऐच्छिक: औषधचिठ्ठी संगणकातून जावी, औषधांची एकमेकांशी होणारी प्रतिक्रिया संगणकाने दाखवावी, ॲलर्जीची यादी अद्ययावत असावी, इत्यादी. पहिल्या वर्षी सलग 90 दिवस हे केल्याचे दाखवावे लागे. दाखवायचे कसे? तर डॉक्टरने संकेतस्थळावर जाऊन स्वतःच तसे घोषित करायचे. कर्जवाटपाचा अनुभव असलेली कोणतीही व्यक्ती येथे क्षणभर थबकेल. स्वयंघोषणेवर रक्कम अदा करून तपासणी मागाहून करायची, तर काही अर्ज खोटे निघणारच. टेक्सासमधील एका छोट्या रुग्णालयाचे काम प्रत्यक्षात कागदावरच चालत होते. अनुदानाची अट पुरी झाल्याचे दिसावे म्हणून रुग्ण घरी गेल्यानंतर, कधी आर्थिक वर्ष संपल्यानंतरही, माहिती संगणकात भरली गेली. त्या रुग्णालयाला 7,85,655 डॉलर मिळाले होते. त्याच्या वित्तप्रमुखाला 2015 मध्ये 23 महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली.

लबाडी केवळ घेणाऱ्यांपुरती नव्हती. अनुदान फक्त प्रमाणित प्रणालीवरच मिळत असल्याने प्रमाणपत्राला सोन्याचे मोल आले. ‘ई-क्लिनिकल-वर्क्स’ या मोठ्या कंपनीवर अमेरिकी न्याय खात्याचा एक आरोप असा होता की, औषधांच्या संपूर्ण सूचीतून कोणताही सांकेतिक क्रमांक शोधण्याची क्षमता प्रणालीत घालण्याऐवजी चाचणीत विचारले जाणारे 16 क्रमांक तेवढे भरून ठेवले गेले. परीक्षेत येणाऱ्या 16 प्रश्नांची उत्तरे पाठ करावीत, तसे. 2017 मध्ये 15 कोटी 50 लाख डॉलर भरून कंपनीने तडजोड केली. दोष मात्र मान्य केला नाही. त्याहून गंभीर प्रकरण ‘प्रॅक्टिस फ्यूजन’चे. डॉक्टरांना विनामूल्य मिळणाऱ्या या प्रणालीत वेदनाशामक औषधांविषयी सूचना झळकावण्यासाठी कंपनीने अफूजन्य गोळ्या बनवणाऱ्या औषध कंपनीकडून पैसे घेतले होते. 2020 मध्ये तिने 14 कोटी 50 लाख डॉलर देण्याचे मान्य केले. फुकट मिळणाऱ्या मालाची किंमत कोणीतरी कोठेतरी चुकवत असतो, हे व्यापाऱ्याला सांगण्याची आवश्यकता नाही. येथे ती वेदनेने कण्हणाऱ्या रुग्णाने चुकवली.

असे असूनही मूळ उद्देश साधला, हे नाकारता येत नाही. प्राथमिक नोंदपद्धती असलेल्या रुग्णालयांचे प्रमाण 2008 मधील 9 टक्क्यांवरून 2015 मध्ये 84 टक्क्यांवर गेले. स्वतंत्र दवाखाने चालवणाऱ्या डॉक्टरांपैकी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची संगणकीय नोंद वापरणारे त्याच काळात 42 टक्क्यांवरून 87 टक्क्यांवर पोहोचले. सरकारने यासाठी 35 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मोजली.

डॉक्टरांना विचारले, तर ते यशाची ही आकडेवारी बाजूला सारून आपल्या घड्याळाकडे बोट दाखवतात. चार राज्यांतील 57 डॉक्टरांच्या प्रत्यक्ष कामाचे निरीक्षण करून 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे डॉक्टरांचे जवळजवळ दोन तास संगणक आणि टेबलावरील कामात जात होते, आणि रात्री घरी उरलेल्या नोंदी पुऱ्या कराव्या लागत होत्या त्या वेगळ्याच. रुग्ण बोलत असतो आणि डॉक्टर पडद्याकडे पाहत असतो, ही तक्रार अमेरिकेत आता घरोघरी ऐकू येते. शिवाय एका रुग्णालयाची प्रणाली दुसऱ्याच्या प्रणालीशी बोलेना. प्रत्येक कंपनीने आपली पेढी आपल्याच लिपीत लिहिली. मुंबईची हुंडी कलकत्त्यात वटत असे, कारण दोन्हीकडच्या सराफांना तिची भाषा ठाऊक होती. अमेरिकेत अब्जावधी डॉलर खर्चूनही शेजारच्या रुग्णालयात कागद फॅक्सनेच जात राहिले. अनुदान देताना परस्परसंवादाची अट प्रथमपासून कडक ठेवली असती, तर हे टळले असते. पण पैसा मंदीत तातडीने खर्च व्हायचा होता, आणि घाईत घातलेल्या अटी ढिल्याच राहतात.

रुग्णांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग दुसऱ्या टप्प्यात, 2014 मध्ये आला, तो म्हणजे रुग्णाचे स्वतःचे पोर्टल. निम्म्याहून अधिक रुग्णांना आपली नोंद पाहण्याची, उतरवून घेण्याची व इतरत्र पाठवण्याची सोय डॉक्टरने द्यावी, आणि 5 टक्क्यांहून अधिक रुग्णांनी ती प्रत्यक्ष वापरावी, अशी अट घालण्यात आली. या दुसऱ्या अर्ध्या अटीवर मोठा गदारोळ झाला. ऐंशी वर्षांचा रुग्ण संगणक उघडत नाही, याची शिक्षा आम्हाला का, असा डॉक्टरांचा सवाल होता. अखेरीस 2015 मध्ये नियम बदलून 5 टक्क्यांऐवजी ‘किमान एक रुग्ण’ असे करण्यात आले. डॉक्टरांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. तरीही पाच टक्के, म्हणजे शंभरात पाच माणसे. स्वागतकक्षातील कर्मचाऱ्याने रुग्णाशेजारी पाच मिनिटे बसून पोर्टल उघडून दिले असते, तरी हा आकडा अनेक ठिकाणी पार झाला असता.

रुग्णाने डॉक्टरांचे टिपण वाचले तर तो घाबरेल, अथवा गैरसमज करून घेईल, ही भीती त्यापूर्वीच तपासून पाहिली गेली होती. 2010 मध्ये बोस्टन, पेनसिल्व्हेनिया आणि सिॲटल येथील 105 डॉक्टरांनी आपली टिपणे रुग्णांना वर्षभर खुली केली. वर्ष संपल्यावर जवळजवळ सर्व रुग्णांनी ही सोय चालू ठेवावी असे सांगितले, आणि एकाही डॉक्टरने ती बंद करण्याचा पर्याय स्वीकारला नाही. पुढे 2016 च्या कायद्याने रुग्णाची माहिती अडवून ठेवणे निषिद्ध ठरवले व त्याखालील नियम 5 एप्रिल 2021 पासून अमलात आले. तेव्हापासून बहुतेक तपासण्यांचे अहवाल तयार होताच पोर्टलवर दिसतात. अनेकदा डॉक्टरांनी ते पाहण्यापूर्वीच.

भारतीय कुटुंबांची खरी कसोटी येथे लागते. वडिलांच्या पोटातील गाठीचा अहवाल शुक्रवारी रात्री मुलाच्या मोबाइलवर येतो, डॉक्टर सोमवारी भेटणार असतात, आणि मधले दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोलायचे हेच कळत नाही. आपल्याकडे ‘त्यांना सांगू नका, हाय खातील’ हा निर्णय घरातील कर्ता पुरुष डॉक्टरांच्या केबिनबाहेर उभा राहून घेत असतो. अमेरिकेत मात्र नोंद रुग्णाची असते. मुलाला ती पाहायची असेल, तर वडिलांनी आपल्या खात्यावर त्याला प्रतिनिधी म्हणून रीतसर नेमावे लागते. उलट बाजूने, मूल साधारण बारा-तेरा वर्षांचे झाले की, अनेक रुग्णालयांत आईवडिलांना त्याच्या नोंदीचा काही भाग दिसेनासा होतो, आणि नव्याने तेथे गेलेल्या पालकांना तो आपला अपमान वाटतो. आजार लपवण्यामागे माया असते, यात संशय नाही. परंतु ज्या परंपरेत आयुष्याच्या अखेरच्या टप्प्याची तयारी जाणीवपूर्वक, स्वतःच्या संमतीने आणि समताभावाने करावी असे सांगितले आहे, त्या परंपरेतील वृद्धाला त्याच्याच देहाची वार्ता न देणे कितपत सुसंगत आहे, याचा विचार घरोघरी व्हायला हवा. पोर्टलमुळे तो टाळता येईनासा झाला आहे, इतकेच.

पोर्टलचा एक साधा उपयोग समाजातील परदेशस्थ कुटुंबे आवर्जून करतात. आहाराच्या रकान्यात कंदमूळवर्ज्य शाकाहार, सूर्यास्तानंतर भोजन नाही, जिलेटिनचे वेष्टन असलेली कॅप्सूल नको, असे लिहून ठेवता येते. पर्युषणातील उपवासापूर्वी मधुमेहाच्या गोळीचे प्रमाण काय ठेवावे, हे डॉक्टरांना संदेशाने विचारता येते. एकदा लिहिले की, तातडीच्या वेळी पुन्हा सांगावे लागत नाही.

आता आपल्याकडे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी प्रारंभ 27 सप्टेंबर 2021 रोजी झाला. त्यातील 14 अंकी ‘आभा’ क्रमांक 70 कोटींहून अधिक नागरिकांना मिळाला आहे. या रचनेत नोंदी दिल्लीत एका ठिकाणी गोळा होत नाहीत. त्या ज्या त्या रुग्णालयात वा प्रयोगशाळेतच राहतात आणि रुग्णाने मोबाइलवरून संमती दिली, तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. परस्परसंवादाचे मानक आधी ठरवून अनुदान मागाहून आणले, हा अमेरिकेच्या अनुभवावरून घेतलेला शहाणा धडा दिसतो.

अनुदानाची ‘डिजिटल हेल्थ इन्सेंटिव्ह’ योजना 1 जानेवारी 2023 पासून लागू झाली. संगणक घेतल्याबद्दल नव्हे, तर प्रत्यक्ष तयार होऊन आभा क्रमांकाशी जोडल्या गेलेल्या नोंदीबद्दल ती पैसे देते, आणि येथे दंड नाही. मूळ आराखड्यानुसार छोट्या दवाखान्याने महिन्याला 100 नोंदींची पायरी ओलांडल्यानंतर पुढील प्रत्येक नोंदीस 20 रुपये मिळतात. एका संस्थेला कमाल 4 कोटी रुपये. प्रणाली पुरवणाऱ्या कंपन्यांनाही वाटा आहे. महावीर जयंतीला नवे यंत्र भेट देणारे आपले धर्मादाय दवाखाने आणि निदानकेंद्रे यांच्या विश्वस्तांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. महिन्याला 600 रुग्णांच्या नोंदी जोडणाऱ्या दवाखान्याला 500 नोंदींचे 10,000 रुपये होतात. एका नोंदलेखकाच्या वेतनाचा काही भाग त्यातून निघेल, सगळा निघणार नाही. म्हणजे केवळ अनुदानासाठी हे काम हाती घेण्यात अर्थ नाही. रुग्णाची जुनी फाईल शोधण्यात जाणारा वेळ आणि दुबार तपासणीचा गरिबाला पडणारा भुर्दंड हिशेबात धरला, तरच जमाखर्च जुळतो. दर आणि मुदत वेळोवेळी बदलत असल्याने अर्जापूर्वी ती तपासून घ्यावी. नोंदींची प्रत रोज वेगळ्या ठिकाणी ठेवण्याची व्यवस्था तर पहिल्या दिवसापासून हवी. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातील त्या अग्रगण्य संस्थेला कित्येक दिवस कागद-पेनावर काम करावे लागले होते.

घराच्या पातळीवर एक गोष्ट मात्र आजच पाहण्याजोगी आहे. एकत्र कुटुंबात अनेकदा सर्वांच्या आधारला एकच मोबाइल क्रमांक जोडलेला असतो आणि तो बहुधा पेढीवर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांचा असतो. आधारवरून आभा क्रमांक काढताना संकेतांक त्याच मोबाइलवर येतो. मग सुनेच्या सोनोग्राफीच्या किंवा लग्नाच्या वयाच्या मुलीच्या थायरॉइडच्या अहवालाला संमती देणारा अंगठा सासऱ्याचा अथवा काकांचा ठरतो. तपासणीस गेलेल्या स्त्रीला हे ठाऊकही नसते. घरातील प्रत्येक सज्ञान व्यक्तीच्या आधारला तिचा स्वतःचा क्रमांक जोडून घेणे हे आधार केंद्रावरचे अर्ध्या तासाचे आणि अल्प शुल्काचे काम आहे. आभा क्रमांक काढण्यापूर्वी ते उरकलेले बरे.